स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही, म्हणून शस्त्रक्रिया नाकारू नये

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत पॅराथायरॉईड ग्रंथींच्या विकारावर आलेला लेख वाचला. या विकारात मानेतील यांपैकी एखादी ग्रंथी गाठीसारखी वाढून जास्त संप्रेरक सोडते आणि रक्तातील कॅल्शियम वाढते. या आजाराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, त्यामुळे त्याला अर्धे पान मिळाले याचा आनंद झाला. परंतु ‘स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही तर शस्त्रक्रियेचा प्रश्नच उद्भवत नाही’ हे त्यातील विधान चुकीचे आहे, आणि ते वाचून एखादा रुग्ण आपल्या आजारावरचा खात्रीचा इलाज सोडून देईल अशी भीती वाटते. भूलतज्ज्ञ म्हणून मी अशा शस्त्रक्रियांच्या वेळी रुग्णाच्या उशाशी बसत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे हा खुलासा करीत आहे.

या आजाराचे निदान रक्ततपासणीवर होते, चित्रावर नाही. थायरॉईडच्या मागे सहसा चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, प्रत्येकी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी, आणि रक्तातील कॅल्शियम सांभाळणे हे त्यांचे काम. कॅल्शियम वाढले की निरोगी ग्रंथींनी आपले संप्रेरक आवरते घ्यायला हवे. म्हणूनच कॅल्शियम जास्त असताना पॅराथायरॉईड संप्रेरकाचा आकडा ‘सामान्य मर्यादेत’ छापून आला, तरी तो सामान्य मानता येत नाही. त्या वेळी तो खाली गेलेला असायला हवा होता. अहवालात ठळक अक्षर नाही म्हणून ही नोंद नजरेतून सुटते आणि पुढे वर्षानुवर्षे मूतखडे, हाडांचा ठिसूळपणा आणि न सरणारा थकवा यांवर वेगवेगळे उपचार चालू राहतात.

मग स्कॅन कशासाठी? निदान पक्के झाल्यावर, शस्त्रक्रिया करायची ठरल्यावर, सर्जनने कोणत्या बाजूने सुरुवात करावी हे समजण्यासाठी. सोनोग्राफी, सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेले चित्र) किंवा विशिष्ट प्रकारचा सीटी स्कॅन यांत गाठ दिसली, तर छोट्या छेदातून नेमकी तेवढीच ग्रंथी काढता येते. सुमारे ८० ते ८५ टक्के रुग्णांत एकच ग्रंथी बिघडलेली असते, तेव्हा हा मार्ग अनेकांना लागू पडतो. परंतु गाठ अगदी लहान असेल, थायरॉईडमध्येच इतर गाठी असतील किंवा चारही ग्रंथी थोड्याथोड्या वाढलेल्या असतील, तर स्कॅनमध्ये काहीच न दिसणे शक्य आहे. अशा वेळी अनुभवी सर्जन मान दोन्ही बाजूंनी उघडून चारही ग्रंथी स्वतः पाहतो. स्कॅनची सोय नव्हती त्या काळात हीच रूढ पद्धत होती आणि जाणत्या हातांत तिचे यश आजही उत्तम आहे. एका स्कॅनवर समाधान न होता तिसरा-चौथा स्कॅन करीत महिने घालवण्याची सध्याची रीत मला तरी समजत नाही.

ग्रंथी सापडणे नेहमीच सोपे असते असा मात्र याचा अर्थ नव्हे. गर्भावस्थेत खालच्या दोन ग्रंथी थायमस या छातीतील ग्रंथीबरोबर वरून खाली सरकत येतात आणि या प्रवासात त्या जबड्याच्या कोनापासून छातीपर्यंत कोठेही थांबू शकतात. चार्ल्स मार्टेल या अमेरिकन जहाज कप्तानाची कथा वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. हाडे झिजून त्यांची उंची तब्बल सात इंचांनी घटली होती. मानेवर वारंवार शस्त्रक्रिया होऊनही गाठ मिळाली नाही. शेवटी १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत ती छातीत सापडली. तोवर मूत्रपिंडे खराब झाली होती आणि काही आठवड्यांतच मूतखड्याच्या त्रासातून त्यांचा मृत्यू झाला. आजचे स्कॅन खरे उपयोगी पडतात ते अशा आडजागी दडलेल्या गाठींसाठी आणि एकदा शस्त्रक्रिया फसलेल्या रुग्णांसाठी. दुसऱ्या खेपेला ते करणे अत्यावश्यकच असते.

शस्त्रक्रिया पूर्ण झाली की नाही, हे ठरवायलाही आता केवळ डोळ्यांवर अवलंबून राहावे लागत नाही. पिवळ्या चरबीत तांबूस-तपकिरी गाठ दिसते, सर्जन तिचे आवरण फुटू न देता हळुवार सोडवतो, कारण फुटल्यास पेशी सांडून तेथेच पुन्हा रुजू शकतात. गाठ बाहेर आल्यावर दहा मिनिटांनी आम्ही रक्ताचा नमुना पाठवतो. पॅराथायरॉईड संप्रेरक रक्तातून काही मिनिटांतच निम्म्यावर येते. त्यामुळे आकडा ५० टक्क्यांहून अधिक उतरला, तर दोषी ग्रंथी निघाली असे मानून जखम शिवायला घेतात. उतरला नाही, तर आणखी एखादी बिघडलेली ग्रंथी शोधावी लागते. निकाल येईपर्यंत शस्त्रक्रियागृहात कोणी फारसे बोलत नाही.

सरसकट प्रत्येकाला शस्त्रक्रिया हवीच असे नाही. वय ५० पेक्षा कमी, रक्तातील कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा दर डेसिलिटरमागे १ मिलिग्रॅमहून अधिक, मूतखडे, हाडांची घटलेली घनता किंवा मणक्याचे अस्थिभंग, मूत्रपिंडाचे मंदावलेले काम, यांपैकी एकही गोष्ट असल्यास ती सुचवली जाते. याउलट एका आनुवंशिक प्रकारात कॅल्शियम जन्मभर किंचित वाढलेले असते, लघवीतून मात्र फारच कमी जाते. तेथे शस्त्रक्रियेचा काही उपयोग नसतो. म्हणून लघवीतील कॅल्शियम आधी मोजणे आवश्यक. लिथियम किंवा लघवी वाढवणारी काही औषधे चालू असतील, तर तीही डॉक्टरांना सांगावीत. मूत्रपिंड निकामी झालेल्यांचा प्रश्न वेगळा असून त्याचे निकषही निराळे आहेत.

धोक्यांबद्दल लेखात काहीच नव्हते. स्वरयंत्राची नस अगदी लगत असल्याने तिला इजा झाली तर आवाज बसू शकतो. अनुभवी सर्जनकडे असे क्वचितच घडते, म्हणूनच त्याने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत हे रुग्णाने निःसंकोच विचारावे. नंतरच्या दिवसांत ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम घसरल्याची ती खूण असते, कारण उपाशी राहिलेली हाडे ते वेगाने ओढून घेतात. तेव्हा गोळ्या चालू करून लगेच तपासणी करून घ्यावी. आजार बरा झाला असे मात्र सहा महिन्यांनंतरही कॅल्शियम सामान्य राहिले तरच म्हणतात, त्यामुळे जखम भरली तरी ती शेवटची तपासणी रुग्णांनी टाळू नये.

आपल्या पुढील पुरवणीत वरील विधानाची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक भूलतज्ज्ञ वाचक