बाबांचा डोळा आणि माझा हिशोब

ड्रेस्डेन (जर्मनी), डिसेंबर

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर पैशाचं काढलं की तुम्ही "असू दे, जेवलीस का?" म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून लिहूनच पाठवते. मोतीबिंदू पिकलाय आणि "पोरीचं एक वर्ष निघू दे" म्हणत तुम्ही ऑपरेशन पुढे ढकलताय, हे आत्यानं सांगितलं. (तिला रागावू नका, मीच खोदून विचारलं.) उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाला तोंडी आश्वासन पटायचं नाही, तेव्हा हिशोबच घ्या.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एकरकमी टाकलेले 11,904 युरो जागच्या जागी आहेत. त्यातले महिन्याला 992 सुटतात, त्याहून जास्त मागूनही मिळत नाहीत. इथल्या सरकारी विद्यापीठात मला शिकवणीची फी नाही. दर सहामाहीला थोडी वर्गणी असते, पण बस, ट्राम आणि लोकल गाड्यांचा पास त्यातच येतो. खोलीचे तीनशेच्या आसपास जातात, आरोग्य विम्याचे दीडशेच्या आसपास, आणि विमा सक्तीचा. शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी 18.36, घरात टीव्ही असो वा नसो! चिडू नका, ती माणशी नाही, घरटी आहे. आम्ही चौघी वाटून घेतो. किराणा आणि फोन धरूनही महिनाअखेर शंभरेक युरो उरतात. कर्जाचे हप्ते तर शिक्षण संपेपर्यंत सुरूच होत नाहीत.

जानेवारीपासून विभागाच्या प्रयोगशाळेत कामही मिळतंय. बाहेर नोकरी करायची तर आम्हाला वर्षाला 140 पूर्ण दिवसांची मर्यादा आहे, विद्यापीठातलं असलं काम त्यात धरत नाहीत. तेव्हा आई, मी रात्री हॉटेलात भांडी घासतेय असं काही मनात आणू नकोस. घासली असती तरी काय बिघडलं असतं म्हणा.

अभ्यास दमवतो. पहिला तास सकाळी 7:30 ला, तोही दीड तासाचा, आणि या दिवसांत तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो. दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, मग पुन्हा काळोख. व्याख्यान संपलं की टाळ्या नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी बाकं ठोकतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पोरं सरांना उठवून लावतायत, पण सर हसत होते. परीक्षा फेब्रुवारीत. निकालात 1.3 वगैरे दिसलं तर हबकू नका, इथे 1.0 सगळ्यांत वरचा, 4.0 ला पास आणि 5.0 म्हणजे नापास. तुमच्या टक्क्यांत बसवायला जाऊ नका, डोकं दुखेल.

कचऱ्यात मात्र मी आल्या दिवसापासून पहिली. पिवळ्या डब्यात पॅकिंगचं प्लास्टिक, निळ्यात कागद, तपकिरीत ओला कचरा, काळ्यात उरलंसुरलं. बाकीच्या तिघी चहाची पिशवी हातात धरून विचार करत उभ्या असतात. गाडीचा भोंगा ऐकून दोन्ही हातांत डबे घेऊन जिना उतरलेल्या इंदूरच्या पोरीला कोण काय शिकवणार! काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या टाकायच्या, आणि रविवारी अजिबात नाही, कारण फुटल्याचा आवाज होतो. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीचे दुकानातल्या मशीनमधून 25 सेंट परत मिळतात. अटालेवाल्याशी, म्हणजे भंगारवाल्याशी, घासाघीस करायची आईची हौस इथे भागायची नाही.

आई, पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, जीरावन, संपत आलंय. इथल्या दुकानातले पोहे जाड आहेत, पण वाफवले की चालतात. कुणी येणारं असेल तरच पाठव, कुरिअरवर पैसे घालवू नकोस.

आता बाबा, तुमचं. थंडी सुरू आहे, म्हणजे "उन्हाळ्यात डोळ्याचं नको" हेही कारण उरलं नाही. दादाशी मी बोललेय, तो गाडी घेऊन येईल आणि दिवसभर थांबेल. पुढचे थेंब वेळेवर घालायचं आईकडे. लेन्स कोणती बसवायची ते डॉक्टरांना विचारा, स्वस्तातली म्हणून निवडू नका. तारीख ठरली की लगेच कळवा. माझा शेवटचा तास 2:30 ला सुटतो, तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. त्या दिवशी सातला फोन करीन. फोन आईनंच उचलावा, तुम्ही पट्टी सांभाळून पडून राहा.

तुमची,
मनू