प्रा. टेसा गॉर्डन यांना, त्या एका तासासाठी

आदरणीय प्रा. गॉर्डन यांस,

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. तरी माझा उजवा हात आज शर्टाचं बटण लावतो, त्यात तुटलेल्या नसा पुन्हा कशा वाढतात यावरच्या तुमच्या संशोधनाचा वाटा आहे आणि हे तुम्हाला कळवल्यावाचून राहवत नाही.

काच लागून मनगटाच्या थोडं वर अल्नर नस (करंगळीकडे संवेदना नेणारी चेता) तुटली होती. जखम भरली, टाके निघाले, पण करंगळी बधिरच. घरच्यांचं म्हणणं, आताच तर जखम भरलीय, चार-सहा महिने जाऊ देत. सर्जन मात्र ऐकेनात. “इथे थांबून चालणार नाही,” म्हणाले आणि लगेच शस्त्रक्रियेची तारीख दिली.

त्या घाईचं कारण मला पुढे तुमच्या 1995 सालच्या, सहकारी फू यांच्यासोबत केलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत सापडलं. उशिरा जोडलेली नस नीट काम करत नाही, याचा दोष वाळलेल्या स्नायूवर टाकणं सोपं होतं. तुम्ही दाखवलंत की त्याआधी वाटच बुजते. तुटलेल्या टोकापुढच्या श्वान पेशी (नसेतल्या तंतूंना वेढणाऱ्या पेशी) नव्या तंतूंना वाढायला आधार देतात. पण तंतू बराच काळ आलेच नाहीत, तर त्यांचा तो आधार ओसरतो. इकडे हे तंतू जिच्यापासून निघतात त्या चेतापेशीची वाढण्याची ताकदही कमी होत जाते. माझी शस्त्रक्रिया वेळेत झाली, याचं मोल मला तेव्हा कळलं.

शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट ताई व्रणापासून पुढे बोटाने टकटक करत यायच्या. जिथे टकटक केल्यावर करंगळीत झिणझिण्या उठत, तिथे पेनाने खूण. तंतूंचं टोक तिथवर आलंय, असा त्याचा अर्थ. नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते हे ऐकलं होतं, पण सुरुवातीला खूण हलेचना. फार धीर सुटला. तुमचं लेखन वाचल्यावर कोडं उलगडलं: सगळे तंतू एकदम निघत नाहीत, शिवण ओलांडतानाच कित्येक जण रेंगाळतात. मग व्यायाम सोडला नाही.

आणि या रेंगाळण्यावरच तुम्ही बोट ठेवलंत! 2000 साली अल-माजेद, ब्रशार्ट आदी सहकाऱ्यांसोबत तुम्ही उंदराच्या मांडीतली नस शिवल्यावर तिला 20 हर्ट्‌झची सौम्य वीज दिलीत, फक्त 1 तास. एरवी सगळ्या तंतूंना पुढे पोहोचायला 8 ते 10 आठवडे लागत, ते 3 आठवड्यांत पोहोचले. तंतूंचा वेग वाढला नव्हता. ते शिवण लवकर ओलांडत होते. संदेश चेतापेशीपर्यंत पोहोचू नये म्हणून टेट्रोडोटॉक्सिनने (नसेतले संदेश रोखणाऱ्या विषाने) वाट अडवली, तर फायदाही नाहीसा झाला. म्हणजे वीज तंतूला ढकलत नव्हती, पेशीला जागं करत होती. हा पडताळा मला सगळ्या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. पुढे कार्पल टनेलच्या (मनगटात नस दाबली जाण्याच्या आजाराच्या) रुग्णांमध्येही तुमच्या गटाला या उपायाचा गुण दिसला.

माझ्या शस्त्रक्रियेत ही सोय नव्हती. पण नस शिवली जाते त्या प्रत्येक ठिकाणी तो एक तास रुग्णाला मिळावा, असं मला मनापासून वाटतं. माझी चिमटीतली पकड अजून पूर्ण आलेली नाही, व्यायाम चालू आहे. तुमचे, तुमच्या विद्यार्थ्यांचे आणि वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चेतापेशी मोजणाऱ्या सगळ्यांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
एक रुग्ण