भुसावळ स्टेशनवरच्या ताईंना

ताई, नमस्कार.

गाडी लेट होती म्हणून ओळख झाली आणि गाडी आली म्हणून तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र असं उघड्यावर.

मी सावद्याचा केळीवाला. तुमची नजर लॅपटॉपवर गेली तेव्हा तीन वर्षांचे रोजचे भाव, १०९५ ओळी, मी एक्सेलच्या एकाच चार्टमध्ये कोंबले होते. "हा चार्ट आहे की बाभळीचं झुडूप? तीस दिवस दाखवा, बाकीचे सरकवा," म्हणालात.

सरकवायची पट्टी, म्हणजे स्क्रोल बार, ज्यात मिळते तो डेव्हलपर टॅब माझ्याकडे दिसतच नव्हता. ऑप्शन्समध्ये जाऊन तो चालू केला, स्क्रोल बार शीटवर काढला आणि त्याला एफ१ सेल जोडला. पट्टी सरकली की एफ१ मधला आकडा बदलतो, तिचं काम तेवढंच. पुढचं ऑफसेट नावाचं सूत्र बघतं: बी२ पासून तितक्या ओळी खाली उतरायचं आणि तिथून तीस ओळी उचलायच्या. हे सूत्र मी थेट चार्टमध्ये लिहायला गेलो तर एक्सेल ऐकेना. मग नेम मॅनेजरमध्ये भावाच्या सूत्राला एक नाव, तारखेच्या सूत्राला एक, आणि चार्टला ती नावं. नावाआधी शीटचं नाव आणि उद्गारचिन्ह लागतं, हे मी दोनदा विसरलो. तरी माऊस तुम्ही एकदाही हातात घेतला नाहीत. सगळ्यात जास्त आभार त्याचे! आमच्याकडे शिकवणारा आधी आपल्याला खुर्चीतून उठवतो.

घरी आल्यावर पट्टी टोकाला नेली तर चार्ट कोरा. कमाल आकडा मी १०९५ टाकला होता. तीस वजा करून १०६५ केला, मिटलं. उभा अक्ष बांधून ठेवायचं तुम्ही निघता निघता सांगितलंत, ते नंतर पटलं. नाहीतर एक्सेल दर वेळी माप बदलतं आणि क्विंटलमागे पन्नास रुपये उतरले तरी कडा कोसळल्यासारखी दिसते.

आप्पांनी आजवर कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. परवा शेजारी येऊन बसले, म्हणाले, "मागे ने. श्रावणात काय होता?" बाणावर एक दिवस सरकतो, मधल्या पट्टीवर टिचकी मारली की तीस, एवढं दाखवलं. आता माऊस त्यांच्याकडे आणि मी खुर्चीबाहेर.

हिवाळ्यात भरताची वांगी निघतील. खंडव्याकडे जाणं झालं तर सावद्याला उतरा. कळण्याची भाकरी करायला सांगून ठेवतो.