टक्का छापता तसं सालही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कुठल्याही सरकारने "कार्बन उत्सर्जन अमुक टक्के कमी करणार" असं जाहीर केलं की आपल्या पेपरात तो टक्का मोठ्या टायपात येतो, पण तो कुठल्या सालापासून मोजलाय हे एकतर शेवटच्या परिच्छेदात असतं नाहीतर नसतंच. आणि खरं राजकारण तर त्या सालातच दडलेलं असतं.

औद्योगिक देशांचं उत्सर्जन कमी करण्यासाठीचा 1997 चा क्योटो करार घ्या. मोजणी 1990 पासून. आता 1990 नंतर लगेच झालं काय, तर सोव्हिएत युनियन कोसळलं, कारखाने बंद पडले आणि रशियाचं उत्सर्जन धाडकन खाली आलं. करारात रशियाला टार्गेट काय दिलं? 1990 ची पातळी ओलांडायची नाही, बस्स! म्हणजे हातपाय न हलवता पास, वर उत्सर्जनाचा उरलेला कोटा दुसऱ्या देशांना विकायची सोय. आजारपणात वजन उतरलं आणि डाएट केलं म्हणून सांगत सुटायचं, त्यातला प्रकार. जर्मनीलाही पूर्व जर्मनीतले जुनाट कारखाने बंद झाल्याचा फायदा मिळाला (सगळी घट तशी नव्हे, पण बरीचशी). ब्रिटनमध्ये पंतप्रधान थॅचरबाईंनी 1984-85 च्या संपात खाणकामगारांची युनियन मोडली, पुढे वीज कंपन्या खाजगी झाल्या, त्यांना गॅस स्वस्त पडायला लागला म्हणून कोळसा मागे पडला, यात हवामानाची काळजी कितपत होती देव जाणे, पण श्रेय घ्यायला मात्र सगळे पुढे. ऑस्ट्रेलियाने तर कमालच केली. त्यांनी आठ टक्के वाढवायची परवानगी मिळवलीच, शिवाय 1990 मध्ये त्यांच्याकडे जोरात चाललेल्या जंगलतोडीचं उत्सर्जन पायाच्या आकड्यात, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्यात, धरायला लावलं, ती तोड तोपर्यंत कमी झालेलीच होती, म्हणजे कोळसा जाळत राहिलं तरी कागदावर सगळं आलबेल.

पॅरिस हवामान करारात (2015) तर हे साल ज्याने त्याने आपापलं ठरवायचं. अमेरिकेने 2005 धरलं, कारण त्याच सुमारास त्यांचं उत्सर्जन सगळ्यात जास्त होतं. 2030 साठी भारत आणि चीन जीडीपीच्या प्रमाणात बोलले, भारताचं 45 टक्के घटीचं वचन हे असंच आहे, म्हणजे जीडीपी जोरात वाढला तर धूर वाढूनही वचन पाळलं जाऊ शकतं. गरीब देशाने असं मागणं चूक नाही असं माझं मत, पण मग ते वाचकाला सरळ सांगा ना.

दुसरी गंमत उत्सर्जन निव्वळ शून्यावर (नेट झिरो) आणायच्या मुदतीची. ब्रिटन 2050, चीन 2060, भारत 2070, जाहीर करणाऱ्यातलं कोणीही तेव्हा जाब द्यायला खुर्चीत नसणार. ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे बाईंनी 2050 चा कायदा केला तो जून 2019 मध्ये, राजीनामा जाहीर करून झाल्यावर! आणि जे जवळचं असतं ते लगेच ढकललं जातं. लंडनच्या कडेच्या अक्सब्रिजची पोटनिवडणूक जुनाट गाड्यांवरच्या कराच्या मुद्द्यावर गाजली, तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांच्या पक्षाने ती जागा थोडक्यात राखली, आणि दोनच महिन्यांत, सप्टेंबर 2023 मध्ये, नव्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी 2030 वरून 2035 वर गेली. यात हवामानशास्त्र कुठे आलं, साधा मतांचा हिशोब.

देवाणघेवाण तर वेगळीच. अमेरिकन सिनेटने क्योटोच्या आधीच, जुलै 1997 मध्ये, 95 विरुद्ध 0 मतांनी सांगून टाकलं होतं की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर असला करार आम्हाला नको, तरी क्लिंटन सरकारने 1998 मध्ये सही केली आणि करार सिनेटकडे पाठवलाच नाही. जगासमोर शाबासकी घ्यायची आणि घरी भांडण नको! मग अमेरिका बाहेर पडल्यावर करार लागू व्हायला रशियाची अंतिम मंजुरी लागणार होती, तेव्हा 2004 मध्ये युरोपने रशियाच्या डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) प्रवेशाला पाठिंबा दिला आणि पुतिन यांना अचानक क्योटो आवडायला लागला.

मला स्वार्थाचं वावडं नाही हं. चीनने सोलर पॅनेलचे कारखाने काढले ते काही पृथ्वीमातेच्या प्रेमापोटी नाही, जगाचं मार्केट काबीज करायला काढले, पण पॅनेल इतके स्वस्त झाले की त्याने बऱ्याच परिषदांपेक्षा जास्त काम केलं. हेतू स्वार्थी असला तरी चालेल, हिशोब खरा हवा.

म्हणून विनंती की अशी बातमी छापताना एक छोटी चौकट द्या, मोजणी कुठल्या सालापासून, त्या साली त्या देशात काय चाललं होतं, टक्का एकूण उत्सर्जनाचा की जीडीपीच्या प्रमाणातला, आणि पुढच्या पाच वर्षांत कायद्याने काय बंधन आहे. आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजं तर बहुतेक देश आपल्या टार्गेटमध्ये धरतच नाहीत, पण त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन, पत्र आधीच लांबलंय. जागेअभावी कापायचं झालं तर बाकी काहीही कापा, ऑस्ट्रेलियाचं तेवढं ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक