माईआत्याचा कायमचा पत्ता

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "सापडली का गं तुझी माईआत्या?" मी "हो" म्हटलं आणि पुढची दहा मिनिटं एकटीच बोलत बसले. मशीन कानात नव्हतं, हे आईने नंतर सांगितलं. म्हणून हे पत्र. टाइप मोठा ठेवलाय. बाबा, चष्मा लावा आणि जेवण झाल्यावर निवांत वाचा, घाईने नको.

आपल्या घरात माईआत्याबद्दल, म्हणजे बाबांच्या आत्याबद्दल, तीन गोष्टी सांगायचे. ती रंगूनच्या लढाईत होती. तिथून कावीळ घेऊन आली. आणि विलायतेत गोऱ्याशी लग्न करून सगळ्यांना विसरली. तिन्ही ऐकीव, आणि तिन्ही चुकीच्या.

सापडली ती आईमुळे. सहा महिने मी आपलं आडनाव इंग्रजीत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी शोधलं. एक ए, दोन ए, शेवटी ई, ई नाही. काहीच हाती लागेना. मग देव्हाऱ्यातल्या त्या सहा टोकांच्या ताऱ्याची आठवण झाली. आपण त्याला लहानपणी "आजीचा सूर्य" म्हणायचो. आईला म्हटलं, मागची बाजू घास. आईने देवांच्या भांड्यांबरोबर चिंच लावून घासला. (पदकं जमवणारे लोक हे ऐकून चक्कर येऊन पडतील, पण असो.) काळ्या थरातून अक्षरं वर आली. ब्रिटिश सैन्याला दिलेल्या त्या ताऱ्यांवर नाव घालत नसत, भारतीय सैन्याच्या ताऱ्यांवर घालत. आईने पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला, तर तिच्या नावापुढे आडनावच नाही! पणजोबांचं नाव आहे. कुठल्या तरी कारकुनाने "वडिलांचं नाव" हेच आडनाव धरलं, आणि ती जन्मभर तेच लावत राहिली. त्या नावाने शोधलं, तर एका संध्याकाळी चार कागद मिळाले.

तो तारा म्हणजे "बर्मा स्टार", दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेश आघाडीचं पदक. पण तो मिळायला ब्रह्मदेशात पाऊल ठेवावं लागायचंच असं नव्हतं. १९४४ पासून ब्रह्मपुत्रा आणि सुरमा नद्यांच्या पूर्वेला, बंगाल-आसामात काम केलेल्यांनाही तो दिला. मोठी लष्करी इस्पितळं त्याच पट्ट्यात होती, कोमिल्ला, दिमापूर, इंफाळकडे. तेव्हा रंगून आपल्या लोकांनी घातलेलं दिसतं. "दिमापूरला होती" म्हटलं तर शेजाऱ्यांना काय कळणार?

आता कावीळ. बाबा, तुमची आई सांगायची ना, "माई आली ती हळदीने माखल्यासारखी, मग तिला कावीळ उतरवायला नेलं"? तर ती कावीळ नव्हतीच. त्या आघाडीवर गोळीपेक्षा ताप जास्त माणसं पाडत होता. तिथल्या फौजेचे सेनापती जनरल स्लिम यांनी लिहून ठेवलंय की १९४३ मध्ये जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका माणसामागे आजारी पडलेले १२० पाठवावे लागत. बहुतेक हिवताप, अतिसार, त्वचेचे रोग. हिवतापावरचं कुनैन जिथून यायचं ती बेटं जपान्यांनी घेतलेली, म्हणून त्याऐवजी सगळ्यांना रोज मेपाक्रिनची गोळी. गोळी घेतली की नाही हे पाहायला अचानक तपासणी करत, आणि पुरेशी माणसं गोळी घेताना आढळली नाहीत म्हणून स्लिमसाहेबांनी तीन पलटणींचे प्रमुख घरी बसवले. त्या गोळीने कातडी पिवळी व्हायची. बंद केली की काही आठवड्यांनी रंग आपोआप उतरायचा.

तिला हे माहीत असणारच. प्रशिक्षित नर्स होती, आणि १९४३ च्या वटहुकुमानंतर लष्करी नर्सिंगमधल्या बायकांना अधिकाऱ्याचा दर्जा होता. तरी ती गुपचूप जाऊन बसली, मंत्र म्हणून घेतला, आणि रंग उतरल्यावर श्रेय त्या बुवांना गेलं. आई, तूही वॉर्डात अशा किती जणींना "करा हो, करा" म्हणून सोडून दिलं असशील!

आता विलायत. १९५२ साली ती मुंबईहून अँकर लाइनच्या 'सर्केशिया' बोटीने लिव्हरपूलला उतरली. इथली, म्हणजे इंग्लंडातली, आरोग्यसेवा सरकारी होऊन चारच वर्षं झाली होती, नर्सेस कमी पडत होत्या, आणि कॉमनवेल्थच्या माणसाला तेव्हा इथे यायला परवाना लागत नव्हता. बोटीची प्रवासीयादी मिळाली. लांबलचक टंकलिखित पान. नाव, वय ३२, धंदा नर्स, इंग्लंडातला पत्ता लँकशायरमधलं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम. उजवीकडे शेवटी एक रकाना असतो, पुढे कायमचं कुठल्या देशात राहणार. वरखालच्या बहुतेकांच्या नावापुढे इंग्लंडच्या घरात खूण आहे. तिची खूण "कॉमनवेल्थचे इतर देश" या घरात, आणि शेजारी बारीक अक्षरात "इंडिया".

मी ते पान बराच वेळ बघत होते. कारकुनानेही अंदाजाने भरलं असेल, हे मला कळतं. पण मग इथलं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्टर काढलं. ते छापील खंड असत. प्रत्येक नर्सचा नोंदणी क्रमांक, शिकली कुठे (तिच्यापुढे मुंबईचं जे.जे. आहे), कुठल्या साली, आणि कायमचा पत्ता. लग्न करून नाव बदललं तर तेही येतं. तिचं नाव कधीच बदललेलं नाही, तेव्हा गोरा बाद. आणि कायमचा पत्ता म्हणून पहिली काही वर्षं नारायण पेठेतला आपला वाडा आहे, बाबा. राहत होती लँकशायरमध्ये, सॅनेटोरियमच्या उघड्या व्हरांड्यात रोग्यांच्या खाटांवरचं बर्फ झाडत असेल, पण कायमचा पत्ता नारायण पेठ, पुणे.

१९६१ नंतरच्या खंडात तो पत्ता गेला.

१२ जुलै १९६१ तुम्हाला मी काय सांगणार! पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, आणि वाडा गेला. तुम्ही सोळा वर्षांचे होतात. आजीने देव पदरात बांधून घेतले होते एवढंच तुम्ही नेहमी सांगता. त्या गाठोड्यात हा तारा होता, हे माझ्या आता लक्षात आलं. विसरलेल्या नणंदेचं पदक कोणी देवांबरोबर बांधून नेत नाही. त्यानंतर तुम्ही वर्षभर कोणाकोणाकडे राहिलात, मग कॉलनीत. माईआत्याची पत्रं जुन्या पत्त्यावर येत असतील, तर पोस्टमन ती कुठे टाकणार होता? आणि तिचा पत्ता ज्या वहीत होता ती वही मुठेत गेली असेल. विसरणं बहुधा कोणाच्याच बाजूने झालेलं नाही. हा माझा अंदाज आहे. तुम्हाला काही वेगळं आठवत असेल तर मला खोडा.

पुढचं थोडक्यात. प्रेस्टनला लँकशायर आर्काइव्ह्जमध्ये जुन्या मतदारयाद्या आहेत. कॉमनवेल्थच्या नागरिकांना इथे मत देता येतं, म्हणून भारतीय पासपोर्ट असला तरी नाव लागतं. एका दिवसात वीस वर्षांच्या याद्या चाळल्या, बोटं काळी झाली. एकच घर, त्यात दोनच नावं, माईआत्या आणि एक इंग्रज बाई. क्षयाच्या औषधांनी सॅनेटोरियमं रिकामी पडली, तशी तिथे म्हाताऱ्यांची इस्पितळं झाली. तीही तिथेच राहिली असावी. १९८७ मध्ये ती गेली.

मृत्यूचा दाखला मागवला. इथे एप्रिल १९६९ पासून दाखल्यावर जन्मतारीख आणि जन्माचं गाव लिहितात, त्यामुळे माणूस आपलंच आहे हे पटायला मदत होते. तिची जन्मतारीख १ जून १९२०! मी वाचनालयातच हसले. तुमची १ जून, काकांची १ जून, आणि आता हिचीही. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली तारीख साहेबाने गंभीरपणे दाखल्यावर उतरवलीय. आजी तर म्हणायची, माई दिवाळीतली, पाडव्याची.

दाखल्यावर माहिती देणाऱ्याचं नाव असतं, आणि मृत व्यक्तीशी नातं. मुलगा, मुलगी, नवरा. तिच्या दाखल्यावर त्या दुसऱ्या बाईचं नाव आहे, आणि नात्याच्या जागी कायद्याच्या भाषेतले शब्द, "दहन घडवून आणणारी". घरचं कोणी नसलं आणि अंत्यसंस्काराची जबाबदारी दुसऱ्याने उचलली की इथे असं लिहितात. म्हणजे, बाबा, तुम्हाला जी काळजी होती, पुरलं का म्हणून, ती सोडा. दहन झालं. करणाऱ्या बाईला कोणीतरी विचारलं असेल, किंवा माईआत्यानेच सांगून ठेवलं असेल.

आता तुमचं काम. एक, ती निघाली तेव्हा तुम्ही सात वर्षांचे होतात. थर्मामीटर फोडला म्हणून तिने धपाटा घातला, ते सोडून आणखी काय आठवतं ते आईला सांगा, ती लिहून घेईल. दोन, आई, तारा आता पुन्हा घासू नकोस, अक्षरं आधीच झिजलीत. तीन, सोबत रजिस्टरच्या पानाची प्रत आहे, मी पेन्सिलने खूण केलीय. वाड्याचा नंबर बघा. मला वाटतं छापणाऱ्याने चाराचा नऊ केलाय. बरोबर काय होता ते कळवा.

तुमची,
धाकटी