बोट फक्त पालकांकडेच का?

मुलाचं वजन वाढलं की बोट आधी आईबापाकडे जातं. लाड केले, मोबाइल हातात दिला वगैरे. पण खाऊच्या पाकिटात साखर किती, हे मुंगीएवढ्या अक्षरांत, तेही मागे घडीत दडवून छापलेलं असेल, तर पालक वाचणार काय? (मी भिंग लावून पाहिलंय.) चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर समोरच काळा अष्टकोन सक्तीचा केला आणि त्यांवरची मुलांना भुलवणारी कार्टून काढायला लावली. वाचता न येणाऱ्या पोरालाही कळेल अशी खूण! ब्रिटनने २०१८ पासून शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणात कर लावला. १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर माफ. अनेक कंपन्यांनी मग मुकाट्याने साखरच कमी केली. नुसत्या उपदेशाने त्या हलल्या नसत्या.

राहिला खेळ. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी म्हणते. इकडे परीक्षा जवळ आली की पहिला बळी खेळाच्या तासाचा, आणि मैदानात गाड्या उभ्या. शाळेला मैदान हवंच, ही अट कागदावर न ठेवता दरवर्षी, न कळवता जाऊन तपासावी.

– एक पालक