पित्त म्हणजे विकर नव्हे

मा. संपादक,

कालच्या आरोग्य पुरवणीतला पचनावरचा लेख वाचला आणि पत्र लिहिल्याशिवाय राहवले नाही. पित्त हे चरबी पचवणारे विकर (एन्झाइम) आहे, असे ठळक अक्षरांत छापले आहे. पित्तात पाचक विकर नसते. पित्तातले क्षार चरबीचे बारीक थेंब करतात. त्या थेंबांतून मेदाम्ले सुटी करण्याचे काम मुख्यतः स्वादुपिंडातून येणाऱ्या लायपेज या विकराचे.

ही चूक एकवेळ पोटात घातली असती. पण शेवटच्या परिच्छेदाचे काय? म्हणे, कच्च्या भाज्या-फळांतून पुरेशी विकरे मिळतात, विकरांच्या कॅप्सूल कोणालाच लागत नाहीत!

माझ्या पत्नीच्या स्वादुपिंडाला जुनाट सूज आहे. निदान होण्याआधी ती दोन्ही वेळ पोटभर जेवायची, तरी कपडे सैल होत चालले होते. शौचाला तेलकट, फिकट, पाण्यावर तरंगणारे व्हायचे. खाल्लेली चरबी न पचताच बाहेर पडत होती, हे आम्हाला कळायला सात-आठ महिने गेले. आता ती पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल घेते. आतल्या दाण्यांवर मुद्दाम असे वेष्टन असते की ते जठरातल्या आम्लात टिकते आणि पुढे लहान आतड्यात विरघळते. विकरे ही प्रथिनेच. उघडी गेली तर आम्ल आणि पेप्सिन हे जठरातले प्रथिने पचवणारे विकर बहुतेकांचा तिथेच निकाल लावतात. कच्च्या भाजीतल्या विकरांना असे वेष्टन कुठून येणार?

आज सकाळीच माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला, ‘वहिनी, पेपरात आलंय, त्या कॅप्सूल बंद करा.’ मी आत गेलो तेव्हा पत्नीपुढे नाश्त्याची बशी होती आणि हातात डबी, झाकण न उघडलेली. ‘अहो, खरंच बंद करू का?’ तिने विचारले. मी शेजारी बसून तिला कॅप्सूल घ्यायला लावली. पण ज्यांच्या शेजारी बसायला कोणी नाही, त्यांनी आज काय केले असेल?

आणखी एक. लेखासोबतच्या चित्रात यकृत उजव्याऐवजी शरीराच्या डाव्या बाजूला दाखवले आहे. छापण्यापूर्वी एखाद्या डॉक्टरांच्या नजरेखालून पान घालायला कितीसा वेळ लागतो?

दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती. आतल्या पानाच्या कोपऱ्यातल्या दोन ओळी माझ्या बहिणीच्या वाचनात येणार नाहीत.

– एक नियमित वाचक